धार की वजन? ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये शस्त्रांसाठी धातू कसा निवडावा

माझा दुसरा किल्ला तिसऱ्या वर्षी पडला. दहा ड्वार्फ, दहा जणांच्या हातात तांब्याच्या कुऱ्हाडी आणि समोर लोखंडी चिलखतातले गॉब्लिन. नंतर लढाईचा अहवाल वाचत बसलो, तेव्हा एकच गोष्ट पानोपानी दिसली: घाव बसतोय, पण चिलखतावर अडतोय. माणसं पुरेशी होती, सरावही झाला होता. हातातला धातू मात्र समोरच्या धातूला कापू शकत नव्हता. त्या रात्रीपासून मी या खेळातली धातूंची गणितं अभ्यासायला लागलो. जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो, म्हणजे तुमचा किल्ला त्या कारणाने पडणार नाही.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ड्वार्फ म्हणजे बुटके खाणकरी; त्यांचा किल्ला संगणकावर वसवायचा आणि गॉब्लिनांसारख्या शत्रूंपासून वाचवायचा, असा हा खेळ. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांनी बनवलेला ड्वार्फ फोर्ट्रेस २००६ साली पहिल्यांदा लोकांसमोर आला. ६ डिसेंबर २०२२ रोजी स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात त्याची चित्रांसह आवृत्ती आली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी जे पहिले १४ व्हिडिओ गेम घेतले, त्यांत हा होता. यात तलवारीला 'हल्ला +५' असा आकडा नसतो. प्रत्येक धातूला घनता आहे, ताकदीच्या मर्यादा आहेत, आणि प्रत्येक घाव त्यांवरून मोजला जातो. म्हणूनच 'सगळ्यात चांगला धातू कोणता' या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर नाही.

पहिली पायरी: शस्त्र कापतं की ठेचतं?

धातूचा विचार करण्याआधी शस्त्राकडे बघा. आपले ड्वार्फ लोहार स्वतः घडवू शकतात अशी मुख्य शस्त्रं मोजकीच आहेत: कुऱ्हाड, आखूड तलवार, भाला, गदा, युद्धाचा घण आणि क्रॉसबो. त्यांपैकी कुऱ्हाड, तलवार आणि भाला ही धारेची. गदा आणि घण ही वजनाची. या दोन गटांना धातूकडून पूर्णपणे वेगळ्या गोष्टी हव्या असतात.

धारेच्या शस्त्राचं गणित असं चालतं. प्रत्येक धातूला कातर-ताणाच्या दोन मर्यादा आहेत: एक, जिथे तो वाकायला लागतो आणि दुसरी, जिथे तो तुटतो. घाव बसला की खेळ चिलखताची मर्यादा शस्त्राच्या मर्यादेने भागतो. भागाकार जितका छोटा, तितक्या कमी जोरात चिलखत कापलं जातं. मेगापास्कलमध्ये आकडे बघा. तांबं ७० आणि २२०. कांस्य १७२ आणि २४१. लोखंड १५५ आणि ३१०. पोलाद ४३० आणि ७२०. अडमंटाईन, हा खेळातला काल्पनिक धातू, दोन्हीकडे ५०००.

आता माझ्या पडलेल्या किल्ल्याचा हिशोब करू. लोखंडी चिलखत आणि तांब्याची कुऱ्हाड: १५५ भागिले ७० म्हणजे २.२, आणि ३१० भागिले २२० म्हणजे १.४. तेच चिलखत आणि पोलादी कुऱ्हाड: ०.३६ आणि ०.४३. म्हणजे पोलादाला जे काम सहज जमतं, त्यासाठी तांब्याला कितीतरी पट जोर लागतो. तेवढा जोर नसला तर घाव कापत नाही, नुसता आदळतो. कुऱ्हाडीचं पातं रुंद असल्याने तो आदळलेला मारही पसरून हलका होतो. माझ्या अहवालातल्या ओळींचा अर्थ हा होता.

लोखंड आणि कांस्य यांबद्दल नवे खेळाडू खूप वाद घालतात. आकडे बघितले तर वादाला फारशी जागा राहत नाही. कांस्य वाकायला थोडं जास्त चिवट, लोखंड तुटायला जास्त चिवट. लढाईत दोघं एकाच पायरीवर उभे आहेत. बिस्मथ मिसळलेलं कांस्यही लढाईला साध्या कांस्यासारखंच, फक्त त्याची किंमत किंचित जास्त.

ठेचणाऱ्या शस्त्राचा हिशोब वेगळा. घणाचं टोक लहान असतं, चिलखत फाडण्याची त्याला गरज नसते. तो जोर चिलखतातून आतल्या हाडापर्यंत पोचवतो. इथे वजन कामाला येतं. खेळात युद्धाच्या घणाचं आकारमान ४०० घन सेंटिमीटर आहे. आता घनतेने गुणा. पोलादाचा घण ३.१४ किलो, तांब्याचा ३.५७ किलो, चांदीचा जवळजवळ ४.२ किलो. अडमंटाईनचा? ८० ग्रॅम. खेळातल्या सगळ्यात दुर्मिळ धातूची घनता पाण्याच्या एक पंचमांश आहे. त्यापासून तलवार केली तर ती काहीही कापते. घण केला तर हातात पुठ्ठ्याची नळी घेऊन लढायला गेल्यासारखं होतं. अडमंटाईनची गदा कधीही घडवू नका, कितीही मोह झाला तरी.

चांदीचा घण पोलादी घणापेक्षा थोडा सरस आहे, पण फरक मोठा नाही. त्याचा खरा फायदा वेगळाच आहे: चांदीचं चिलखत करता येत नाही आणि पोलाद तर प्रत्येक चिलखताला हवं असतं. म्हणून घण चांदीचे केले की पोलाद वाचतं. चांदी मूळ स्वरूपात सापडते, शिवाय गॅलेना या शिशाच्या खनिजातून निम्म्या वेळा आणि टेट्राहेड्राईट या तांब्याच्या खनिजातून पाचात एकदा मिळते. तांब्याच्या भट्टीवर काम चाललेलं असताना ती हळूहळू साठत जाते. चांदी नसेल तर तांब्याचे घणही वाईट नाहीत. ज्या धातूला कुऱ्हाडीसाठी मी नाकारतो, तोच घणासाठी चालतो.

प्लॅटिनम तर चांदीच्या दुप्पट जड, पण लोहार ते शस्त्रासाठी घेत नाही. एखाद्या ड्वार्फला अंगात आल्यासारखी विचित्र लहर आली आणि त्याने प्लॅटिनमचा घण घडवला, तरच तो मिळतो. तसं झालं तर तो कपाटात शोभेला ठेवू नका, तुमच्या सगळ्यात ताकदवान सैनिकाला द्या.

दुसरी पायरी: जागा निवडताना जमीन वाचा

शस्त्राचा निर्णय भट्टीपाशी होत नाही, किल्ल्याची जागा निवडतानाच अर्धा होऊन जातो. जागा निवडायच्या पडद्यावर तीन गोष्टी दिसतात: उथळ धातू, खोल धातू आणि चुनखडीच्या जातीचा दगड, ज्याला खेळ फ्लक्स म्हणतो. पोलाद हवं असेल तर फ्लक्स असलीच पाहिजे.

गाळाच्या खडकांचा थर असलेली जागा मी नेहमी पसंत करतो. चुनखडी, खडू आणि डोलोमाईट हे स्वतःच फ्लक्स आहेत आणि त्याच थरांत दगडी कोळसा, लिग्नाईट, हेमटाईट, लिमोनाईट आणि मॅग्नेटाईट सापडतात. म्हणजे पोलादाला लागणारा सगळा माल एका खाणीत. चंद्रपूरकडच्या वाचकांना हे समजावायला नको. तिथे कोळशाच्या खाणी आणि चुनखडीवरचे सिमेंट कारखाने एकाच जिल्ह्यात आहेत. उलट सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट. खेळात बेसॉल्टच्या थरात हेमटाईट मिळू शकतं, पण कोळसा आणि चुनखडी नाही. नुसत्या बेसॉल्टवर किल्ला बांधला तर लोखंड असूनही पोलादासाठी व्यापाऱ्यांची वाट बघावी लागते. संगमरवर रूपांतरित खडकात मिळतो आणि फ्लक्स म्हणून तोही चालतो, त्यामुळे खालच्या थरांकडेही लक्ष असू द्या.

कांस्यासाठी तांबं आणि कथील लागतं. तांबं बऱ्याच ठिकाणी मिळतं, कथिलाचं कॅसिटेराईट मात्र ग्रॅनाईटमध्ये शोधावं लागतं. दोन्ही मिळाली तर तांब्याचं एक खनिज आणि कथिलाचं एक खनिज एकत्र वितळवून कांस्याच्या ८ कांबी निघतात. आपल्याकडे काशाची वाटी तळपायाला घासतात, ती याच दोन धातूंची. लोखंड नसलेल्या जागेवर हेच कांस्य तुमच्या सैन्याला तारून नेतं.

तिसरी पायरी: पोलादाचा हिशोब कागदावर करा

इथे थोडा वेळ घालवा. बहुतेक किल्ले लोखंड संपल्यामुळे अडत नाहीत, ते इंधनापाशी अडतात.

पोलाद दोन टप्प्यांत होतं. आधी लोखंडाची १ कांब, फ्लक्सचा १ दगड आणि १ कार्बन, म्हणजे कोक किंवा लोणारी कोळसा, यांपासून १ कांब पिग आयर्न. हे आपल्या बिडाच्या तव्याच्या जातीचं, कार्बन जास्त असलेलं ठिसूळ लोखंड. मग पुन्हा लोखंडाची १ कांब, पिग आयर्नची १ कांब, १ फ्लक्स आणि १ कार्बन, यांतून पोलादाच्या २ कांबी. कार्बन जास्त असलेलं आणि कार्बन जवळजवळ नसलेलं लोखंड एकत्र करून मधलं पोलाद काढायचं, ही पद्धत प्रत्यक्षातल्या लोहारकामातूनच आलेली आहे. फ्लक्सचं खरं कामही तेच: मातीचा, वाळूचा अंश धातुमळीत ओढून घेणं. याशिवाय साध्या भट्टीत प्रत्येक कामाला आच द्यायला आणखी १ इंधन जळतं. नवखे खेळाडू हे दुसरं इंधन मोजायला विसरतात.

आता दहा जणांची एक तुकडी डोक्यापासून पायापर्यंत पोलादात सजवू. छातीचं कवच ३ कांबी, कड्यांचा सदरा २, मांड्यांचं कवच २, शिरस्त्राण १, हातमोज्यांची जोडी १, बुटांची जोडी १, शस्त्र १. एकाला ११, दहांना ११०. ढाल लाकडाची चालेल, तिच्यावर पोलाद खर्चू नका.

पोलादाच्या ११० कांबींसाठी लोखंडाच्या ११० कांबी, म्हणजे खनिजाचे २८ दगड, कारण एका दगडातून ४ कांबी निघतात. फ्लक्सचे ११० दगड. कार्बन ११०. भट्टीची आच: पिग आयर्न आणि पोलाद मिळून ११०, खनिज वितळवायला २८, आणि लोहाराकडची ७० कामं म्हणून आणखी ७०. एकूण इंधन ३१८. लाकूड जाळून करायचं तर ३१८ ओंडके, कारण एका ओंडक्यातून एकच लोणारी कोळसा मिळतो. तेवढी झाडं तोडलीत तर जंगल ओसाड आणि झाडं जपणारे शेजारी एल्फ नाराज. बिटुमिनस कोळशाच्या एका दगडातून ९ कोक निघतात, त्यातला एक भट्टीतच जातो, म्हणून असे ४० दगड पुरतात. लिग्नाईटमधून ५ निघतात.

हा आकडा बघून छाती दडपली असेल तर दोन वाटा आहेत. एक, मॅग्मा. जमिनीखाली गुहांचे तीन थर असतात आणि त्यांच्याखाली मॅग्माचा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा, समुद्र असतो. कधी कधी ज्वालामुखीच्या जागेवर मॅग्मा वरपर्यंत आलेला असतो. त्यावर बांधलेल्या भट्ट्यांना आचेचं इंधन लागत नाही. मग ३१८ चे फक्त ११० उरतात, कारण पोलादात मिसळणारा कार्बन मॅग्मा देऊ शकत नाही. त्यासाठी कोळशाचे १३ दगड पुरे. खोल उतरण्याचे धोके आहेतच, आधी गुहेच्या वाटा बंद करा.

दुसरी वाट साधी आहे आणि पहिल्या दोन वर्षांत मी तीच धरतो: आधी फक्त धारेची शस्त्रं पोलादाची करा. दहा कुऱ्हाडींना पोलादाच्या १० कांबी, म्हणजे खनिजाचे ३ दगड, फ्लक्सचे १० आणि कार्बन १०, आचेचं इंधन वेगळं. चिलखत तोवर कांस्याचं किंवा लोखंडाचं. नंतर पोलाद साठेल तसं आधी छातीचं कवच आणि शिरस्त्राण बदलत जा.

पोलाद करण्याची विद्या या जगात फक्त ड्वार्फांकडे आहे. गॉब्लिन तांबं, कांस्य, लोखंड घेऊन येतात, पोलाद ते बनवत नाहीत. म्हणून एकदा पोलादाची तुकडी उभी राहिली की वेढ्यांचं स्वरूपच बदलतं.

जमिनीत काही नसेल तेव्हा

लोखंड, कथील काहीच मिळालं नाही तरी तीन दारं उघडी आहेत. पानगळीच्या ऋतूत तुमच्याच राज्याचा ड्वार्फ तांडा येतो आणि त्याच्या दूताशी बोलून पुढच्या वर्षासाठी पोलादाच्या कांबी मागवता येतात. किंमत चढी लागते, तरी शस्त्रांपुरत्या मागवाच. उन्हाळ्यात माणसांचा तांडा लोखंड, कांस्य आणतो. वसंतातल्या एल्फांकडे धातूच्या कांबी नसतात.

तिसरं दार म्हणजे शत्रू. प्रत्येक वेढ्यानंतर पडलेलं गॉब्लिन चिलखत आणि शस्त्रं वितळवायला द्या. खेळाडू याला प्रेमाने गॉब्लिनाईट म्हणतात, आणि लोखंड नसलेल्या किल्ल्यात हीच लोखंडाची खाण असते. सापळ्यांच्या बोळात वेढा थोपवला तर बराच साठा होतो.

चौथी पायरी: कोण येतंय ते बघून तुकडी ठरवा

एकाच शस्त्राची आख्खी तुकडी करू नका. गॉब्लिनांच्या टोळीला पोलादी कुऱ्हाडी उत्तम, हातपाय तोडून लढाई लवकर संपते. मोठ्या जनावरांना, विस्मृतीतल्या राक्षसांना भाला बरा, तो खोल जाऊन आतल्या अवयवांपर्यंत पोचतो.

प्रेतांना उठवणारा मांत्रिक आला की मात्र कुऱ्हाडीचाच त्रास होतो. तोडलेला हात, तोडलेलं डोकं जमिनीवर पडतं आणि मांत्रिक तेही उठवतो. तिथे घण आणि गदा हवी, म्हणजे प्रेत ठेचलं जातं आणि तुकडे वाढत नाहीत. या एका कारणासाठी मी प्रत्येक किल्ल्यात चांदीच्या घणांची वेगळी तुकडी ठेवतो.

कांस्याचा प्रचंड पुतळा चालत आला तर कांस्याच्या आणि तांब्याच्या धारेला तो दाद देत नाही. वरचं भागाकाराचं गणित त्याच्या अंगालाही लागू आहे, कारण त्याचं अख्खं अंगच कांस्य आहे. पोलाद नसेल तर उचलायचा पूल वर घेऊन ठेवा, नुसती दारं तो फोडतो.

क्रॉसबोबद्दल थोडक्यात. धनुष्य कोणत्या धातूचं आहे याने बाणाच्या माऱ्यात फरक पडत नाही, त्याने जवळून ठोसा मारला तरच पडतो. म्हणून धनुष्य लाकडाचं करा. बाण मात्र धारेच्या गटातले, आणि एका कांबीतून २५ बाण निघतात. एवढ्या स्वस्तात पोलाद वापरण्याची दुसरी जागा नाही. सरावासाठी हाडांचे किंवा लाकडाचे बाण वेगळे नेमून द्या, नाहीतर पोलादी बाण निशाण्याच्या फळीत संपतात.

पाचवी पायरी: अडमंटाईन सापडलं तर

निळसर रंगाचे हे स्तंभ अगदी खाली, मॅग्माच्या समुद्रात उभे असतात. वरून खणत या, पण तळापर्यंत जाऊ नका. स्तंभ आतून पोकळ असतो आणि त्या पोकळीतून जे वर येतं त्याने भलेभले किल्ले एका महिन्यात संपलेले आहेत. एक-एक चौकोन खणा, बाकीचं तसंच राहू द्या.

खणलेल्या दगडातून आधी तंतू काढावे लागतात, आणि हे काम फार वेळखाऊ आहे. मग भट्टीत या तंतूंच्या पातळ चकत्या होतात आणि चकत्यांचं शस्त्र. साध्या धातूची एक कांब लागते तिथे या चकत्या कितीतरी जास्त लागतात. म्हणून पहिली खेप कुठे लावायची हे आधी ठरवा. अडमंटाईनची धार इतर धातूंच्या दहापट तीक्ष्ण होऊ शकते, वर ५००० ची मर्यादा. या दोन्हींचा गुणाकार फक्त कुऱ्हाड, तलवार आणि भाल्यातच दिसतो. माझा क्रम असा: तुमच्या सगळ्यात अनुभवी कुऱ्हाडवाल्याला एक कुऱ्हाड, मग त्याच्या तुकडीतल्या बाकीच्यांच्या कुऱ्हाडी, मग चिलखत. चिलखत हलकं असल्याने सैनिक दमत नाहीत, ही मोठी गोष्ट आहे, पण त्यासाठी चकत्या खूप साठाव्या लागतात.

सहावी पायरी: लोहार आणि वाटप

धातू योग्य, लोहार नवशिका, तर अर्धं काम वाया. वस्तूच्या नावाभोवतीची चिन्हं तिचा दर्जा सांगतात. साध्या वस्तूपेक्षा उत्कृष्ट कारागिरीच्या शस्त्राने घाव अचूक बसण्याची शक्यता दुपटीपर्यंत जाते आणि धारही चांगली राहते. म्हणून शस्त्रांचा लोहार एकच ठेवा, दुसऱ्या कोणाला ते काम देऊ नका, आणि त्याचा हात तांब्यावर बसू द्या. तांब्याच्या वीस-पंचवीस कुऱ्हाडी घडवून त्या पुन्हा वितळवा. त्यात लोहार तयार होतो. पोलाद त्याच्या हाती त्यानंतरच द्या.

शेवटचं काम तुकडीच्या साहित्याच्या पडद्यावर. तिथे 'कोणतंही हत्यार' असं सोडलं तर ड्वार्फ जे हाती लागेल ते उचलतो, आणि कोठारात पोलादी कुऱ्हाडी पडून असताना तांब्याची घेऊन लढायला जातो. शस्त्राचा प्रकार आणि धातू दोन्ही स्पष्ट नेमा: कुऱ्हाडवाल्यांना पोलाद, घणवाल्यांना चांदी. नंतर वेढ्याची घंटा वाजण्याआधी एकदा तुकडीच्या यादीत जाऊन प्रत्येकाच्या हातात नेमकं काय आहे ते डोळ्यांनी बघा. उरलेली तांब्याची हत्यारं त्याच दिवशी वितळवायला टाका, म्हणजे चुकूनही कोणी ती उचलणार नाही.